मशीनीचं कुंकू

सोनपेठच्या बाहेर, रस्त्याला लागून एक डाळमिल हाय. तिथं तुरीच्या डाळीतला काळा दाणा, खडा अन् फोल निवडायला आमी नऊ बायका बसायचो. त्या नवांची मुकादमीण मी. मुकादमीण म्हणजे काय, तर आठजणींनी निवडलेलं नववीनं पुन्हा बघायचं. माझ्या नजरेखालून गेलेल्या पोत्यात कुणी काळा दाणा काढून दाखवावा अन् माझं नाक कापावं, असं मी चारचौघांत खुशाल म्हणायची. बावीस वर्षं म्हणले, अन् नाक हाय तिथंच हाय.

त्या साली दसरा तोंडावर आला असताना मालकांनी आमाला मिलच्या दारातल्या वट्ट्याजवळ बोलावलं. म्हणले, "कलर सॉर्टर मशीन यायलीय. ती डाळ बघती, वाईट दाणा दिसला की हवा मारून बाहेर फेकती. दसऱ्यापर्यंत या तुमी. मंग आराम करा."

आराम! हा आराम काय असतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक न्हाई. आमचे हे पूर्णेला रेल्वेत गँगमन होते. रिटायर झाल्यापासून आराम करायलेत. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी माझ्यावर खेकसणं. तसला आराम एका घरात दोघांनी केला असता तर एकाचा मुडदा पडला असता. अन् घरात माझं हाय काय? मिठाच्या बरणीला हात लावायचा तर सुनेला विचारायचं. मिलमदी माझा शब्द चालायचा. मी नुसतं खाकरले तरी आठ सुपं थांबायची. मला ती जागा पाहिजे होती, बास. दुसरं काय सांगू?

मशीन आली ती मोठ्या थाटात. मिलचं एक विशेष सांगते: तिथं नवं आलं म्हणून जुनं गेलं, असं कधी झालंच न्हाई. मालकांच्या आजोबांनी आणलेलं डिझेलचं इंजिन अजून शेडच्या कोपऱ्यात उभं हाय. त्याच्या शेजारी वडिलांनी आणलेली लाइटीची मोटार. मोटारीच्या वर मालकांनी तरुणपणी बसवलेला बटणांचा पॅनल, तांबडे-हिरवे दिवे लुकलुकणारा. अन् आता या सगळ्यांच्या मदी काचेची एक खोली बांधली, तिला एसी लावला, अन् त्यात मशीन बसवली. चप्पल बाहेर काढून आत जायचं. मशीनीला घाम चालत न्हाई म्हणे. आमी बावीस वर्षं एक पंखा मागितला, तर मालक म्हणायचे, वाऱ्यानं डाळ उडती. आता खरंच उडती म्हणा, पण म्हणून काय झालं!

मिलचा मिस्त्री परभणीला मशीनवाल्या कंपनीच्या कार्यक्रमाला जाऊन आला होता. तिथून तो फाइल अन् अक्कल दोन्ही घेऊन आला. जेवणाच्या सुट्टीत आमाला सांगायला लागला, "जगात चार क्रांत्या झाल्या. पहिली वाफेची. दुसरी लाइटीची. तिसरी कॉम्प्युटरची. अन् चौथी ही, यात मशीन मशीनशी बोलती."

मी म्हणले, "अन् जात्याची कितवी?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचार केला. "जातं क्रांतीच्या आधीचं."

"मंग माझी माय जात्यावर तूर भरडायची ती क्रांतीच्या आधी. अन् मी निवडायले ती कोणत्या क्रांतीत?"

"तुमी," मिस्त्री म्हणला, "क्रांतीच्या बाहेर."

मला असा राग आला म्हणता! पण त्या दिवशी घरी जाता जाता मी हिशोब लावला. माय भरडायची तेव्हा तिचे खांदे कामाला यायचे. हे इंजिन आलं अन् गावातल्या तमाम बायकांचे खांदे रिकामे झाले. मंग त्याच बायका मिलमदी पाखडायला आल्या, त्यांचे हात कामाला लागले. मोटार आली, तिच्यासंगं फोल उडवायचा पंखा अन् चाळण्या आल्या, पाखडणाऱ्या घरी गेल्या. मिस्त्री आधी पट्ट्याला कान लावून सांगायचा की बेअरिंग जायलंय. पॅनल आला अन् त्याचे कान गेले, आता तांबडा दिवा लागला की तो धावतो. माणसाचं सगळं एक एक करून मिलनं परत केलं, उरले होते डोळे. तेबी आता घेऊन जा म्हणायले. अन् वर म्हणायचं, आराम करा.

बरं, या चौथ्या क्रांतीची तऱ्हा कशी, तर लाइट गेली की ती आंधळी. अन् लाइट तर आमच्याकडं पाहुण्यासारखी येती. मंग मिस्त्रीनं कोपऱ्यातल्या आजोबांच्या इंजिनाला हँडल मारायचं, इंजिनानं जनरेटर फिरवायचा, जनरेटरनं एसी चालवायचा, अन् मंग मॅडम काम करणार. मशीन मालकांच्या मोबाइलवर सारखे मेसेज धाडायची: काम उत्तम चालू हाय, दर्जा उत्तम हाय. माझी लेक सासरहून इतकी खुशाली कधी कळवत न्हाई.

बसवायला आलेला इंजिनियर पुण्याकडचा, माझ्या लेकाच्या वयाचा. चार दिवस राहिला, मशीन चालू करून दाखवली, काचेला हात लावू नका म्हणून बजावलं अन् गेला. अन् मंग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला मिल बंद असती. सगळ्या मशिनी धुवायच्या, पुसायच्या, झेंडूचे हार घालायचे अन् पूजा करायची. पूजेचा मान मालकांच्या आईचा. मोठ्या बाई म्हणतात त्यांना सगळे. ऐंशीच्या पुढं वय, पण आवाज असा की कबुतरं उडावीत. त्यांना वाकता येत न्हाई, म्हणून त्या सांगणार अन् मी लावणार. लोखंडाला कोरडं कुंकू धरत न्हाई, म्हणून आमी ते तेलात कालवतो. इंजिनाला लावलं, मोटारीला लावलं, पॅनलला लावलं, मिस्त्रीच्या पान्यांना लावलं. आमच्या सुपांनाबी लावलं. मंग चपला काढून काचेच्या खोलीत गेलो.

मोठ्या बाईंनी मशीनीकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "हिचं कपाळ कुठंय?"

इंजिनाला कपाळ हाय, मोटारीला हाय, पण ही तर नुसतं कपाट. मिस्त्रीनं पुढचं दार उघडलं. आत ओळीनं काचा, त्यांच्या मागं कॅमेरे.

"हे तिचे डोळे," मिस्त्री म्हणला.

"मंग कपाळ डोळ्यापाशीच असणार. ते का पाठीवर असतंय?" बाई म्हणल्या. "लाव गं."

"साहेब म्हणले होते, काचेला हात लावू नका," मिस्त्री म्हणला.

"हात कुठं लावायलोत? कुंकू लावायलोत."

मिस्त्री बाजूला सरकला. मी प्रत्येक काचेवर आधी हळद लावली अन् वर तेलातलं कुंकू, चांगलं दोन बोटं भरून. पुढं कुणी कुणी माझ्यावर संशय घेतला म्हणून सांगते, माझ्या मनात काही न्हवतं. देवाशप्पथ. उलट मी मनोभावे लावलं, की बाई, तू आलीसच हायस तर सुखानं राहा.

दसऱ्याला आपटा दिला-घेतला, मालकांच्या पाया पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमी नऊजणी आपापली सुपं घेऊन जायला आलो, शेवटचं. तेवढ्यात मशीन सुरू झाली.

पहिल्यांदा कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. मालक मोबाइल बघायले. मेसेज आला: काम उत्तम चालू. मिस्त्री पॅनल बघायला. सगळे दिवे हिरवे. डाळ मात्र कुणीच बघायलं न्हाई. मी सूप काखेत मारून निघाले होते, अन् सवयीनं वाईट डाळीच्या पोत्यात हात घातला. बघते तर काय, पिवळीधमक डाळ! एक नंबर! मंग चांगल्याच्या पोत्यात हात घातला, तर त्यात काळे दाणे, खडे, फोल, सगळी वरात.

"मालक," मी म्हणले, "तुमची मशीन कचरा निवडायलीय."

मालकांनी मला मोबाइल दाखवला. "दर्जा उत्तम म्हणायलीय ती."

"ती म्हणंल. तुमी पोतं बघा."

मालकांनी पोतं बघितलं, मंग मोबाइल बघितला, मंग पुन्हा पोतं. कुणावर इसवास ठेवावा ते त्यांना कळंना. शेवटी इंजिनियरला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणला, दार उघडून काचा दाखवा. दाखवल्या. त्यानं तिकडून तोंड मोबाइलला भिडवलं.

"हे काय आहे?"

"कुंकू," मालक म्हणले.

"कशासाठी?"

"खंडेनवमीचं."

"अहो, तिला सगळंच लाल दिसतंय. चांगलं काय अन् वाईट काय, कळणार कसं? पुसून टाका. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं काम म्हणे! पुसा म्हणल्यावर मालकांनी मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं कापड घेतलं, पुढं गेला अन् थांबला. "मालक, सवाष्णीनं लावलेलं कुंकू मी कसं पुसू? माझा हात झडंल." मालक स्वतः कापड घेऊन पुढं झाले, तर दारातून मोठ्या बाई कडाडल्या, "खबरदार! पूजेचं कुंकू पुसतात का कुठं? आपल्या घरात कुणी पुसलंय का? आपोआप जाऊ दे."

"आई, तेल हाय त्यात. सहा महिने जाणार न्हाई."

"मंग सहा महिन्यांनी चालू कर."

"अन् ही मशीन का सवाष्ण हाय? हिला नवरा कोणाय?" मालक रागानं म्हणले.

मोठ्या बाईंनी जराबी वेळ लावला न्हाई. कोपऱ्यात धडधडणाऱ्या आजोबांच्या इंजिनाकडं बोट केलं. "ते काय! लाइट गेली की हिच्यासाठी कोण राबतंय? त्याच्या हयातीत हिचं कुंकू पुसायचं म्हणतोस?"

इंजिन तर ठणठणीत होतं.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं त्याच वेळी फाटकातून आमचे हे सायकलवर आले. गावात बातमी पोचली होती, की मिलमदी तुमच्या बायकोनं लावलेलं कुंकू पुसायलेत. सायकल टाकून ओरडतच आले, "थांबा! कुंकू तिनं माझ्या नावानं लावलंय! माझ्या जिवावर उठलात का?" जल्मात कधी इतकी काळजी केली न्हाई स्वतःची. बिडी सोडा म्हणून मी तीस वर्षं सांगायले तर ऐकलं न्हाई, अन् मशीनीच्या कुंकवासाठी दम लागेपर्यंत सायकल हाणली.

डाळ तर त्याच आठवड्यात व्यापाऱ्याला द्यायची होती. मालकांनी डोकं धरलं, मंग आमच्याकडं बघितलं. आमी नऊजणी सुपं काखेत घेऊन उभ्याच होतो.

"बसा," मालक म्हणले.

आमी बसलो. तीन दिवस बसलो. काय सांगू त्या तीन दिवसांचं सुख! मशीन एसीत गप, कुंकू लावून बसलेली, अन् आमी बाहेर घामात डाळ निवडायलो. मशीन तरीबी मेसेज धाडायचीच: दर्जा उत्तम. आता तो खरा होता.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली न्हवती ती आता सांगते. कुंकू पुसायचं नसतं, पण सरकवता येतं. बोटावर घेऊन दुसऱ्या जागी लावलं तर ते पुसलं म्हणत न्हाईत. आमच्याकडं लेकराच्या कपाळावर जास्त झालं तर असंच करतात. मला हे पहिल्याच दिवशी सुचलं होतं. मोठ्या बाई मला दोनदा म्हणल्या, "तुला काही सुचतंय का गं?" अन् मी दोनदा म्हणले, "न्हाई बाई." डाळीतला काळा दाणा मी कधी सोडला न्हाई, पण हा माझा मीच पोटात ठेवला. लय बरं वाटायचं अन् लय वाईटबी वाटायचं.

चौथ्या दिवशी ते बाईंनाच सुचलं. "सरकव गं," म्हणल्या. मला न्हाई म्हणता येईना. मी एकेका काचेवरचं कुंकू बोटावर घेतलं अन् वर पत्र्यावर लावलं. आमचे हे शेजारी उभे राहून बघायले, कुठं काही कमी तर पडत न्हाई ना. काचेवर तेलाचा राडा राहिला. तो पुण्याहून आलेल्या इंजिनियरनं पुसला. आमी सगळ्यांनी तेवढ्यापुरतं तोंड फिरवलं.

पण एवढ्यानं भागंना. तीन दिवसांत मिस्त्रीनं अन् मालकांनी मिळून मशीनीची दिसतील ती सगळी बटणं दाबली होती. ती पार कोरी झाली होती, शिकलेलं सगळं विसरली. इंजिनियर म्हणला, "नव्यानं शिकवावं लागेल. चांगली डाळ कोणती, वाईट कोणती, हे नजरेनं सांगणारं माणूस पाहिजे."

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मी चपला काढून आत गेले. खुर्ची दिली मला. बावीस वर्षांत मिलमदी मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले, अन् तीबी एसीत. इंजिनियर म्हणला, "मावशी, एका ताटात चांगली, एका ताटात वाईट. मशीन बघत राहील." मी म्हणले, दोन ताटांत भागत न्हाई साहेब. ही लालसर दिसती ती भाजून लाल झाली, ती चांगली. ही लाल हाय ती किडीनं, ती वाईट. ही अर्धी फुटली ती चालती. ह्या दाण्याला साल चिकटलीय, पण उन्हात सुटती, तो ठेव. त्यानं तोंडात बोट घातलं. "मावशी, हे मला कंपनीत कुणी सांगितलं नव्हतं." त्यानं दोनाची सहा ताटं केली. मालक दारात उभे राहून ऐकायले. मोठ्या बाई म्हणल्या, "बघ, हिला म्हणतात नजर." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो विचारत गेला अन् मी सांगत गेले, जे माझ्या मायनं मला शिकवलं अन् जे मला कुणीच शिकवलं न्हाई, तेबी.

दुपारी पाणी प्यायला बाहेर आले. माझ्या शेजारी बसून निवडणारी माझी जुनी जोडीदारीण काचेला टेकून उभी होती. ती म्हणली, "सगळं सांगितलंस का गं तिला?"

"सगळं कुठं? थोडं राहिलंय."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," ती म्हणली, अन् तोंड फिरवलं.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी सकाळपासून काय करायले? मी माझे डोळे काढून तिच्या खोबणीत बसवायले, अन् वर मान डोलवायले.

आत गेले. शेवटचं ताट राहिलं होतं. मशीन बघायली. मी ठरवलं, चांगल्याच्या ताटात मूठभर काळे दाणे टाकायचे. ती चुकीचं शिकंल. महिनाभर चुकंल, मालक वैतागतील अन् आमाला बसा म्हणतील. काळे दाणे मी मुठीत घेतले. आत कुणाचं लक्ष न्हवतं, इंजिनियर मोबाइलवर बोलायला होता. काचेपलीकडं आठजणी माझ्या मुठीकडं बघायल्या. मी हात ताटावर नेला. अन् खरं सांगते, मूठ उघडंना. मी मनात म्हणायले, टाक, मेले, टाक. बावीस वर्षं जी बोटं चांगल्यातून काळं काढायला शिकली, त्यांना चांगल्यात काळं टाकता येईना. मी स्वतःला शिव्या घातल्या. शेवटी मूठ उघडली ती वाईटाच्या ताटावर.

संध्याकाळच्या आत मशीन चालू झाली. इंजिनियर म्हणला, आता बघा. मालक या वेळेस मोबाइल न बघता माझ्याकडं बघायले. मी चांगल्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, ओंजळ काढली, उजेडात धरली. मी मन लावून शोधलं. एक काळा दाणा, एक खडा, एक किडकी डाळ, काहीतरी सापडू दे म्हणून देवाचं नाव घेतलं. दुसरी ओंजळ काढली. तिसरी काढली. आठजणी माझ्या तोंडाकडं बघायल्या.

"कसं काय?" मालकांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "एक नंबर. मी निवडल्यावाणी."

आठजणींनी सुपं उचलली. मालकांना उद्यापासून येऊ नका म्हणायची गरजच पडली न्हाई. अन् ते एक नंबर म्हणताना माझ्या जिवाला जो आनंद झाला, त्याचा मला अजून लय राग येतो.